मीटर शून्य दाखवत होता

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. घराबाहेर चकती फिरवत लाइटबिल वाढवतो तो मीटर मी नव्हे. मी वायरमनच्या पिशवीतला. माझ्या पोटातून दोन वायरी निघतात, एक लाल आणि एक काळी. त्यांच्या टोकांना सुया आहेत. सुया तारेला लावल्या की तारेत लाइट आहे का, आणि असली तर किती, ते मी पडद्यावर आकड्यात सांगतो. एवढेच माझे काम. पण ते चुकले तर माणूस मरतो. म्हणून मी आज जरा रागाने बोलणार आहे. मोठ्या आवाजाची सवय नाही, सांभाळून घ्या.

ज्या कारखान्यात मला बनवले तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तिने मला चालू लाइनवर लावले, माझा आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि खाली सही केली. ती चिठ्ठी डब्यात घालून मला उल्हासनगरला धाडले. तिथे किशनचंद नावाच्या सिंधी गृहस्थांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी चार महिने फळीवर पडून होतो. लोक मला हातात घ्यायचे, किंमत ऐकायचे आणि परत ठेवायचे.

एके दिवशी दुकानात राजेंद्र आला. अंबरनाथचा, आयटीआय झालेला, नुकतेच वायरमनचे लायसन्स काढलेला. सोबत त्याची बायको यशोधरा होती. किशनचंदांनी काउंटरवर दोन मीटर ठेवले. एक मी. दुसरा माझ्याहून चकचकीत, त्याच्या डब्यावर मोठ्या लाल अक्षरांत छापलेले, हजार व्होल्ट.

"हा घेऊ या," राजेंद्र म्हणाला. "हजारपर्यंत जातो."

"कोण म्हणतं?"

"डब्यावर लिहिलंय की."

"डब्यावर मी पण लिहीन," यशोधरा म्हणाली. "दिवसाला सहाशे लेबलं चिकटवते मी. मालक देईल ती चिकटवते. परवा पंख्याची संपली तर मिक्सरची चिकटवली आम्ही. काका, डबे बाजूला ठेवा. नुसते मीटर दाखवा."

ती तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला होती. किशनचंद हसले. "साईं, इनको घर ले जाओ. ये रोज आयी तो मेरी दुकान बंद हो जायेगी."

यशोधराला विजेचे शिक्षण नव्हते, पण वस्तू हातात घेऊन बघायची तिला सवय होती. तिने दोघांच्या वायरी बोटांत धरून वाकवल्या. त्याची वायर सुतासारखी दुमडली. माझी जाड होती, सोडल्यावर सरळ झाली. मग तिने किशनचंदांना आम्हाला दुकानातल्याच सॉकेटमध्ये लावायला सांगितले आणि आकडा दिसत असताना वायरी हलवल्या. चकचकीत मीटरचा आकडा दोनशेवरून सत्तरवर आला, मग गेलाच, मग परत आला. माझा दोनशे अठ्ठावीसवर थांबून राहिला.

"हा," ती म्हणाली.

"अगं, तिप्पट किंमत आहे याची."

"आणि तू मला एकच आहेस."

राजेंद्र लाजला. किशनचंद पावती करायला वळले. अशा तऱ्हेने मी घरी आलो.

पुढची पाच वर्षे मी भरपूर काम केले. अंबरनाथच्या कारखान्यांतल्या मोटारी, उल्हासनगरची दुकाने, बदलापूरच्या नव्या इमारतींचे जिने, मी सगळीकडे गेलो. माझी कुणी पूजा केली नाही, पण मान होता. कुठेही काही अडले की लोक म्हणत, राजेंद्रचा मीटर लावून बघा, मग बोला. महिन्याला यशोधरा माझ्या वायरी ओल्या फडक्याने पुसायची. राजेंद्र विसरला तर तीच माझी बॅटरी बदलायला लावायची.

ती तापाने गेली. पाच दिवसांत गेली. मला ते लगेच कळले नाही. पिशवी आठ दिवस उघडली नाही तेव्हा कळले. नवव्या दिवशी राजेंद्रने मला बाहेर काढले, माझ्या वायरी पुसल्या आणि कामाला निघाला. तो पूर्वीही कमी बोलायचा. आता कामापुरतेच बोलू लागला. यावर मी जास्त सांगत नाही.

त्याच सुमारास त्याला धर्मेशशेठचे काम मिळाले. बदलापूरजवळ सोनिवलीला चार इमारती उभ्या राहत होत्या. त्यांच्या वायरिंगचे कंत्राट धर्मेशशेठकडे होते. बारा माणसे कामाला होती आणि त्यांच्यावर लायसन्सवाला म्हणून राजेंद्र. ती लोडशेडिंगची वर्षे. रोज काही तास लाइट जायची आणि शुक्रवारी तर सकाळपासून दुपारपर्यंत नसायचीच. लाइट नाही तर वायरचे ड्रिल मशीन चालत नाही आणि माणसे बिड्या ओढत बसून राहतात. म्हणून शेठने ठरवले, सगळ्यांना बॅटरीवरची ड्रिल मशीन आणि एकेक मीटर घेऊन द्यायचा. विचार चांगला होता. पुढचे वाईट.

खरेदीला तो राजेंद्रला घेऊन किशनचंदांकडे गेला. मी पिशवीत होतो, सगळे ऐकत होतो. राजेंद्रने एक मशीन उचलले, दोन्ही हात डोक्यावर नेऊन ते छताकडे धरले आणि तसाच उभा राहिला.

"काय करतोस?" शेठने विचारले.

"शिडीवर असंच धरावं लागतं. पाच मिनिटांत हात भरून आला तर दिवसभर कोण धरणार?"

मग त्याने भोक पाडायचे बिट बसवून मशीन चालवले आणि बिटचे टोक डगमगते का ते डोळ्याजवळ नेऊन पाहिले. बॅटरी काढली, घातली, काढली. "काका, ही बॅटरी वर्षाने गेली तर नुसती बॅटरी सुटी मिळेल?"

"इसकी मिलेगी," किशनचंद म्हणाले. "वो सेटवाले की नहीं मिलेगी."

"अरे, मशीन घेतोयस की पोरगी बघतोयस?" शेठ म्हणाला. "तो सेट दाखवा. एका डब्यात मशीन, मीटर, वर टॉर्च फुकट. अठरा व्होल्ट लिहिलंय. अजून काय पाहिजे?"

राजेंद्रने सेटमधला मीटर घेतला आणि त्याची वायर वाकवली. ती सुतासारखी दुमडली. "शेठ, ड्रिलचं एक वेळ जाऊ द्या. पण मीटर हा नको. याच्या वायरीत आत केसाएवढी तार आहे. दोन महिन्यांत आतल्या आत तुटेल. बाहेरून दिसणारसुद्धा नाही."

"धरमेशभाई, बराबर बोल रहा है," किशनचंद म्हणाले. "ले जाओगे तो बाद में मेरे पास रोने मत आना."

"मग विकता कशाला?" शेठने डोळा मिचकावून विचारले.

किशनचंद पावतीपुस्तक शोधू लागले. मित्रांनो, शेठने तो प्रश्न चेष्टेत विचारला. मी आजही खरोखर विचारतो आहे. मग विकता कशाला?

शेठने बारा सेट घेतले. राजेंद्र पुन्हा बोलायला गेला तर तो म्हणाला, "तुझा आहे ना तुझ्याकडे? तू तो वापर. बाकीच्यांची उठाठेव तुला कशाला?"

माणसे मात्र खूश झाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना मीटर घेऊन दिला होता. जांभूळ गावचा आनंदा, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, तर मीटर खिशाला अडकवून जेवायला बसायचा. खिशातला जुना टेस्टर त्याने घरी ठेवून दिला. नवा मीटर असताना टेस्टर कशाला? त्याचे काय चुकले सांगा. कंपनीने दिलेली वस्तू कामाची असणार असे माणूस धरून चालतो.

त्या वर्षी चौदा एप्रिल शुक्रवारी आला. बाबासाहेबांची जयंती. राजेंद्र सुट्टीवर होता आणि मी घरी खिळ्याला टांगलेलो होतो. त्यामुळे पुढचे मी मधूकडून ऐकले. मधू आनंदाच्या जोडीला काम करायचा.

आता एक गोष्ट नीट ऐका. जयंतीच्या आधी राजेंद्रच्या वस्तीतली माणसे वीज कार्यालयात अर्ज घेऊन गेली होती की त्या दिवशी तरी लाइट घालवू नका. राजेंद्रही त्यांच्यात होता. अर्ज मान्य झाला. त्या शुक्रवारी अंबरनाथ-बदलापूर कुठेच लाइट गेली नाही. वस्तीत सगळ्यांना ते ठाऊक होते. साइटवर कुणालाच नव्हते. साइटवर शुक्रवार म्हणजे लाइट नाही, एवढेच ठाऊक होते. आणि सगळी मशीन बॅटरीवर चालत असल्यामुळे कुणी सॉकेटला काही लावलेच नाही. ड्रिलचा आवाज चालू होता, काम चालू होते आणि तारेतली लाइटही चालू होती.

अकराच्या सुमारास आनंदाच्या ड्रिलची बॅटरी उतरली. रात्रभर चार्ज केलेली, दहा-बारा भोकांत संपली. ड्रिल बाजूला ठेवून तो म्हणाला, "बसून काय करू? तवर पॅनलचं उरकतो." पॅनल म्हणजे सगळ्या तारा जिथे जोडतात ती पेटी. ते काम खरे तर शनिवारी राजेंद्रसमोर व्हायचे होते.

"मेन खाली कर रे आधी," मधू म्हणाला.

"मेनला कुलूप हाय, चावी शेठच्या गाडीत. आन् शुक्रवार हाय, लाइट कंची आलीय?" तरी आनंदाने मीटर लावला. पडद्यावर शून्य. पुन्हा लावला. शून्य. त्याने मधूला दाखवले. "बघ, हाय का काय?"

मग त्याने हात घातला.

मधूने फळकुट मारून त्याला बाजूला पाडले म्हणून तो वाचला. उजवा तळहात भाजला होता आणि शुद्ध दुपारी आली.

राजेंद्रला संध्याकाळी कळले. तो तसाच दवाखान्यात गेला. जाताना खिळ्यावरची पिशवी घेतली, का घेतली ते त्यालाही ठाऊक नसावे. खाटेशी आनंदाची बायको वेणू बसली होती. राजेंद्रला पाहताच ती उठली.

"तुमचा शेठ येऊन गेला. म्हणतो, तुझ्या नवऱ्याने न बघता हात घातला, माझा काय दोष? माझा नवरा येडा हाय काय, दादा? पंधरा वर्सं या कामात हाय तो!"

आनंदा पडल्या पडल्या म्हणाला, "दादा, मी लावला व्हता. दोनदा लावला. शून्य व्हतं. मधूला विचार."

राजेंद्र म्हणाला, "मला विचारायची गरज नाही." पण त्याचा चेहरा उतरला होता. लाइट जाणार नाही हे त्याला ठाऊक होते. साइटवर सांगायला हवे होते, ते राहिले.

सोमवारी शेठने एक टाइप केलेला कागद आणला. तो कागद अपघाताच्या चौकशीसाठी जाणार होता. त्यात लिहिले होते की आनंदाने लाइन न तपासता पॅनलला हात घातला. खाली लायसन्सवाल्याची सही हवी होती.

"सही कर आणि बाकीच्यांना कामाला लाव," शेठ म्हणाला आणि फोनवर बोलत बाहेर गेला.

आता काय पणाला लागले होते ते बघा. त्या कागदावर सही झाली असती तर आनंदा निष्काळजी ठरला असता आणि बदलापूर-अंबरनाथकडे त्याला कुणी कामावर घेतले नसते. पण मला त्याहून मोठी भीती वाटत होती. तसलेच मीटर अजून सगळ्यांच्या खिशात होते. दोष आनंदाचा ठरला की मीटर निर्दोष ठरणार होते. मग उद्या मधू, परवा आणखी कुणी.

राजेंद्रने कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्यांना बोलावले. "आपापले मीटर आणा. आनंदाचा पण आणा."

"काय मीटरची परेड आहे का आज?" कुणीतरी म्हणाले. दोघे-तिघे हसले.

बाहेरच्या खोलीत एक सॉकेट होते आणि त्याच बोर्डावर बल्ब जळत होता. राजेंद्रने आधी मला लावले. दोनशे तीस. मग एकेक मीटर लावू लागला. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा शून्य. बल्ब वर जळत होता आणि मीटर शून्य दाखवत होता. हसणे थांबले. चौथा बरोबर, पाचवा शून्य. आनंदाचा लावला, शून्य. सुईजवळ वायर जरा दाबली की दोनशे तीस चमकून जायचे, सोडली की शून्य. बारांपैकी पाच तसे निघाले. घेऊन तीन महिनेही झाले नव्हते.

मित्रांनो, तेव्हा मला जो संताप आला तो मी सांगू शकत नाही. चुकीचा आकडा दाखवणारा मीटर वाईट, पण निदान संशय तरी येतो. शून्यावर कुणी संशय घेत नाही. शून्य म्हणजे बिनधास्त हात घाल. आणि हे पाच जण, माझ्याच जातीचे, माणसांना बिनधास्त हात घाल म्हणून सांगत हिंडत होते.

शेठ आत आला. "सही झाली?"

राजेंद्रने आनंदाचा मीटर सॉकेटमध्ये लावून त्याच्यापुढे धरला. "शेठ, किती दाखवतो?"

"शून्य."

"म्हणजे लाइट नाही."

"बल्ब जळतोय की वर."

"बल्ब सोडा. पॅनलच्या खोलीत कुठे बल्ब होता? तुम्ही दिलेला मीटर काय म्हणतो? लाइट नाही. मग लावा हात."

शेठने हात मागे घेतला. खिशात घातला. बारीकशी गोष्ट, पण अकराही जणांनी ती पाहिली.

मग शेठला राग आला. "मला शिकवतोस? आणि त्या दिवशी लाइट राहिली कुणासाठी? तुमच्याच जयंतीसाठी ना? तुला माहीत होतं. तू का नाही सांगितलंस?"

हा वार नेमका जिथे दुखत होते तिथे बसला होता. राजेंद्रने खाली पाहिले. मग खिशातला कागद काढला, टाइप केलेल्या ओळीवर रेघ मारली आणि उभ्या उभ्या भिंतीवर कागद धरून लिहिले. मी शेजारीच लटकत होतो, मी वाचले. आनंदाने लाइन दोनदा तपासली होती. मीटर शून्य दाखवत होता. मीटर खराब आहे, तसे एकूण पाच आहेत. लाइट त्या दिवशी जाणार नव्हती हे मला माहीत होते आणि मी साइटवर सांगितले नाही, ही माझी चूक. मेनची चावी साइटवर नव्हती. खाली सही आणि लायसन्सचा नंबर.

"जयंती चुकली नाही, शेठ," तो म्हणाला. "मी चुकलो. ते मी लिहिलं. तुमचं तुम्ही लिहा."

"उद्यापासून येऊ नकोस."

"येत नाही."

मधूने एक रिकामे घमेले ओढले आणि आपला मीटर त्यात टाकला. मग दुसऱ्याने टाकला. एक जण घुटमळला. "माझा तर बरोबर दाखवतो, दादा."

"आज दाखवतो," राजेंद्र म्हणाला.

त्यानेही टाकला. बारा मीटर घमेल्यात पडले. दुसरे मीटर येईपर्यंत कुणीही पॅनलच्या खोलीत पाऊल ठेवले नाही. तीन दिवस काम बंद राहिले, चौथ्या दिवशी शेठने जाड वायरीचे मीटर आणले. आणताना तोंड वाकडे केले असेल, पण आणले. चौकशीत कागदाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. पण आनंदाने न तपासता हात घातला असे पुन्हा कुणी बोलले नाही. मधूने बोलू दिले नाही.

राजेंद्र नंतर एकटाच कामे घेऊ लागला. मीही त्याच्याबरोबर हिंडलो. आता मी थकलो आहे. माझ्या पडद्यावरच्या आठाची मधली रेघ उमटेनाशी झाली, आठ शून्यासारखा दिसू लागला. ते लक्षात आले त्याच दिवशी राजेंद्रने मला कामातून काढले. यशोधराने घेतलेली वस्तू म्हणून त्याला ते जड गेले. बराच वेळ मला हातात धरून बसला होता. पण काढले. मला त्याचा राग नाही. माझा राग दुसरीकडे आहे. त्या घमेल्यातले मीटर कुणीतरी पुसून, नव्या डब्यात घालून पुन्हा विकले असतील, असे मला राहून राहून वाटते.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. मीटर किंवा ड्रिल घ्यायला तुम्ही दुकानात जाणार नाही. पण वायरमन तुमच्या घरी येतो. तो शिडीवर चढायच्या आधी विचारतो, मेन बंद करू का? तेव्हा घरातले काय म्हणतात ते मी शेकडो घरांत ऐकले आहे. "टीव्ही चालू आहे हो, तसंच करा ना." असे पुन्हा कुणी म्हणाले तर तुम्ही उठा आणि स्वतः टीव्ही बंद करा. तुमचा कार्यक्रम उद्या पुन्हा लागेल. आनंदाच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून वाकत नाहीत. तो जेवायला बसला की वेणू त्याला भाकरी मोडून देते.